तिसरा कौल

प्रिय च्यूयुए आत्या,

इतकी वर्षं सरकारपासून लपवलेल्या आपल्या देवळाला सील ठोकायला आलेल्या साहेबाच्या हातात माझंच पुस्तक होतं, रस्त्याच्या नकाशासकट. तरी तू फोनवर मलाच समजावलंस, "पोरी, तुझा काय दोष? लिहायला देवीनेच कौल दिला होता ना!"

दिला नव्हता, आत्या. तिसऱ्यांदाही कौलाचे दोन्ही लाकडी तुकडे पालथेच पडले होते, म्हणजे नकारच. तू उदबत्ती घ्यायला वळलीस आणि मी एक गुपचूप उताणा केला. झाला होकार.

त्याच पुस्तकावर काल मी प्राध्यापक झाले. म्हणून हे पत्र न पाठवता टेबलाच्या खणातच राहील.

आई सांगत होती, तू घरातल्या देवीचं तोंड भिंतीकडे केलंयस. "खोटारडी मेली," म्हणतेस.

तिला नको गं बोलूस. ती तिन्ही वेळा खरंच बोलली होती.

तुझी,
वेन्छिन