घरी नवं व्हायचंय

डहाणू,
ता. १९ नोव्हेंबर १९८८

प्रिय लक्ष्यादादा,

धाकलीचा नमस्कार. मी वसतिगृहात मजेत आहे, तूही बोटीवर मजेत असशील. हे पत्र बोट हाकणाऱ्या तांडेलाकडून वाचून घेऊ नकोस. चौथी पास आहेस, अक्षरं जुळव.

बातमी अशी, की ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत मी दुसरी आले. एकाच मुलीने पाच खेळ खेळायचे असतात: अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, लांब उडी आणि शेवटी आठशे मीटर धावणं. पाचांचे गुण एकत्र मोजतात. उंच उडीनंतर एका मुलीने विचारलं, "कुठे शिकलीस गं?" मी म्हटलं, "शेताच्या कुंपणावर." तुझ्यामागे पळताना, हे सांगितलं नाही. गोळा तर असा टाकला, की टेप धरलेले गुरुजी मागे सरले! चार खेळ झाले तेव्हा मीच पुढे होते.

धावताना ऊन फार होतं, म्हणून मागे पडले. पण पहिल्या दोघींना राज्य स्पर्धेला नेतात. डिसेंबरात अमरावतीला जायचंय. खूश झालास ना?

ऊन नव्हतं रे दादा. पोटात काही नव्हतं.

तिथे जेवायला भात होता. वासावरूनच कळलं, नव्या तांदळाचा. बोटांना चिकटत होता. आपल्या घरी अजून नवं झालेलं नाही. कणसरी आईला निवेद दाखवल्याशिवाय नवं धान्य तोंडात कसं घालू? ताट सरकवलं. आमच्या खेळाच्या प्रभाबाई ओरडल्या, "उपास आहे का तुझा?" मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. शेवटच्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली.

कापणी कधीच झाली, भात झोडून कणगीत पडलंय. मग नवं का नाही? बा म्हणतो, "पूजेला भगताला सवड नाय." मी सुट्टीत घरी होते तेव्हा भगत दोनदा येऊन चहा पिऊन गेला! बा नागलीची भाकर मोडतो, कणगीकडे बघतसुद्धा नाही. "या शेतात काय पिकतं?" म्हणून तू भांडून गेलास आणि "परत घरात पाय ठेवू नको" असं तो बोलून बसला. आता थोरल्या पोराशिवाय त्याला नवं करायचं नाही आणि तुला बोलवायचंही नाही. दोघे सारखेच हट्टी, मध्ये उपाशी मी.

शेवटी मी बाईंना खरं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "वेडे, आधी नाही का सांगायचं? माझ्याकडे गेल्या वर्षीचा तांदूळ आहे. अमरावतीला तुझा डबा मी करीन." तेव्हा माझ्या स्पर्धेचं काही अडत नाही. त्यासाठी येऊ नकोस.

बासाठी ये. झाई बंदरावरून आपलं तलासरी काय लांब आहे? बोट लागली की एसटीत बस. माफीबिफी मागू नकोस. ओट्यावर जाऊन नुसतं विचार, "भगताला बोलवू का?" बा ओरडेल. ओरडू दे. तू तेवढ्यात भगताला घेऊन ये.

पुढच्या रविवारी मी घरी येतेय. मला पोटभर भात खायचाय, पण शेजारी तुझं ताट असेल तर.

दोघांवरही रागावलेली आणि दोघांशिवाय घास न घेणारी,
तुझी धाकली