मा. ग्रीनलीफ

२३ नोव्हेंबर

रविवार. फोन नंबरांची नवी वही केली. भावाचा, गुफरानचा, परदेशातला मालेचा पत्ता कॅलेंडरच्या जूनच्या पानामागे सापडला. त्याने फोनवर सांगितला तसा घाईत खरडलेला — ‘मा. ग्रीनलीफ, तिसरा मजला.’ मा.! बारा वर्षं महापालिकेच्या झोन ऑफिसात ‘मा. आयुक्त’, ‘मा. उपायुक्त’ लिहून हाताला इतकी सवय लागली, की बिल्डिंगलाही माननीय करून टाकलं! एकटीच हसत बसले. वहीत नुसतं ‘ग्रीनलीफ’ लिहिलं. ते पान रद्दीत.

अम्मी म्हणाली, “क्या हँसती गे अकेली?” सांगितलं तर तीही हसली.

तिकडे घरांना नंबर नसतात म्हणे, नावंच. आमचा गुफरान तिथे फरश्या बसवतो. दहावीला भूगोलात नापास झालेला पोरगा, समुद्रातल्या राजधानीत!

२५ नोव्हेंबर

प्रभागांच्या मतदार याद्यांवर हरकतींचा पाऊस. घर एका प्रभागात, नाव दुसऱ्याच यादीत. सगळ्यांची बोलणी मीच खायची. चिमाबाई नावाच्या एक आजी आल्या. अर्जावर पत्ता काय, तर ‘मारुतीच्या देवळामागे’. मी ‘पत्ता अपुरा’चा शिक्का मारला.

“अवं मॅडम, समदे वळखत्यात की मला!”

“मी नाही ओळखत, आजी. प्रभाग नाही तर पत्ता नाही.”

शेजारच्या टेबलावरचे महेश्वर अण्णा मान खाली घालून हसत होते. हसू देत. लोकांना स्वतःचा पत्ता धड लिहिता येत नाही, त्याला मी काय करू?

गुफरानचा दोन दिवस फोन नाही.

२६ नोव्हेंबर

मालेत एका इमारतीचा स्लॅब कोसळला. आत परदेशी मजूर राहत होते. दुपारी मोबाइलवर बातमी वाचली. इमारतीचं नाव ग्रीनलीफ.

फोन बंद. त्याच्या ठेकेदाराचाही बंद. अम्मीला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिने माझं तोंड बघूनच ओळखलं.

२७ नोव्हेंबर

ऑफिसातून मालेतल्या भारतीय दूतावासाच्या मदत क्रमांकावर चाळीसेक वेळा लावला, तेव्हा कुठे लागला. पलीकडचा माणूस भला. म्हणाला, ‘या नावाची घरं दोन वॉर्डांत आहेत. दुर्घटना मच्चंगोल्हीत झालीय. तुमचा भाऊ कुठल्या वॉर्डात?’

वॉर्ड! मला विचारतोय वॉर्ड!

दहा मिनिटं मागून घेतली. नकाशा उघडला. केवढंसं ते बेट! मी घरून, नई जिंदगीतून, चालत सात रस्ता चौकात पोचेपर्यंत यांची राजधानी या टोकापासून त्या टोकापर्यंत संपेल. मूळ बेटाचे चार वॉर्ड. पूर्वेला हेन्वेइरू, मध्ये गलोल्हू आणि मच्चंगोल्ही, पश्चिमेला माफन्नू. गुफरान एकदा म्हणाला होता, गच्चीवरून सूरज समुद्रात बुडताना दिसतो. म्हणजे पश्चिम. म्हणजे माफन्नू!

फोन करून ठणकावून सांगितलं — माफन्नू. तो म्हणाला, ‘मग काळजी करू नका. चौकशी तिकडे पाठवतो.’

घरी आले ती धावतच. अम्मी म्हणाली, “पक्का ना गे? नक्शे में देखी ना तू?” देखी अम्मी, म्हटलं, बारा वर्षं हेच तर करतेय. कालपासून पहिल्यांदा तिने भाकरी खाल्ली.

२८ नोव्हेंबर

महेश्वर अण्णा म्हणाले, “आज लई शांत दिसताय की मॅडम.” हो म्हटलं. पण मग फोन का बंद?

चार वाजता मदत क्रमांकावरून फोन आला. माफन्नूतल्या ग्रीनलीफमध्ये माणूस जाऊन आला. गुफरान नावाचं तिथे कुणी राहत नाही. कधी राहिलंही नाही.

तिथल्या नगर परिषदेचे कागद इंटरनेटवर मिळतील तेवढे उघडले. पत्ते कसे लिहितात तेवढंच बघायचं होतं. घराच्या नावाआधी वॉर्डाचं अक्षर. हेन्वेइरूला एच., गलोल्हूला जी., माफन्नूला नुसतं एम. आणि मच्चंगोल्हीला एम-ए. म्हणजे मा.

हीच रोजनिशी मागे उलटली. २३ तारीख. ‘मा.! ... बिल्डिंगलाही माननीय करून टाकलं!’ माझंच अक्षर. माझंच ते उद्गारचिन्ह.

त्याने वॉर्ड सांगितला होता. मीच गाळला. आणि वर हसले.

लगेच फोन लावला, मच्चंगोल्ही म्हणून सांगितलं. माणसाने लिहून घेतलं. मग म्हणाला, ‘ताई, आधी का नाही सांगितलंत?’

२९ नोव्हेंबर

याद्यांमुळे शनिवारीही ऑफिस चालू, पण गेले नाही. फोन हातात. अम्मी नमाजच्या चटईवरून उठतच नाही.

महेश्वर अण्णांचा फोन आला, तो पहिल्या रिंगलाच उचलला. ते विचारत होते, “त्या चिमाबाई परत आल्यात, काय सांगू?” म्हटलं, अर्ज घेऊन ठेवा. मी स्वतः जाऊन घर बघते.

३० नोव्हेंबर

सापडला! दवाखान्यात. पाय मोडलाय, डोक्याला टाके, मोबाइल ढिगाऱ्यात गेला. इतके दिवस धड शुद्धीवर नव्हता, खिशात कागद नाही, मच्चंगोल्हीच्या जखमींमध्ये त्याचं नाव शोधत कुणी आलं नाही. एक अख्खा दिवस माझी चौकशी पलीकडच्या वॉर्डात फिरत होती.

व्हिडिओवर बोलला. आवाज अगदी बारीक. “आपा, तू पता बराबर दी बोलके मिल्या मैं.” पत्ता बरोबर दिला म्हणून सापडला म्हणे.

अम्मीने माझा हात ओढून घेतला आणि डोळ्यांना लावला. मी लावू दिला.