धुरांड्यावरचा पत्रा

प्रिय सौ. सुमती,

उशिरा लिहितोय, माफ कर. वर्षश्राद्ध होऊनही दोन महिने झाले. नावामागे कै. लिहायला अजून हात धजत नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, पोस्टकार्डापलीकडे कधी काही लिहिलं नाही. पण हे दुसऱ्या कोणाला सांगवत नाही.

स्वयंपाकघरातलं धुरांडं काढलं. शशी मुंबईहून म्हणाला, "बाबा, तिथे ओटा करू." तू दहा वर्षं हेच सांगत होतीस ना? मी म्हणायचो, भिंत पडेल. गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच हवी, हा हट्टही माझाच. तुझं ऐकलं नाही आणि पोराचं एका फोनवर ऐकलं.

भीती अगदीच खोटी नव्हती. लांज्याहून आणलेला शांताराम गवंडी चिरे काढता काढता म्हणाला, "तात्या, इथं आतली भिंत नायच. धुरांडं हीच आतली भिंत." बाहेरचा एकच थर उभा होता. सांध्यांतून परसातला उजेड दिसत होता. पाऊस महिन्यावर आलाय.

पण ते परवडलं. धुरांड्याच्या वरच्या तोंडावर, कौलांखाली, त्याला एक गंजका पत्रा सापडला. पत्र्यावर चिरा ठेवलेला.

"हा कोणी ठेवलान हो?"

सुमती, मी ठेवला होता. शशी पाचवीत होता, त्या वर्षी पाऊस थेट चुलीत पडायचा म्हणून मी वर चढून तोंड झाकलं. दिवाळीनंतर तू विचारलंस, "पत्रा काढलात ना?" मी हो म्हणालो. उद्या चढू, म्हणून आज हो म्हणालो. पुढे शाकारणीत गड्यांनी त्यावरून कौलं ओढली, आणि माझ्या डोक्यातून ते पार गेलं.

मग किती वर्षं तू म्हणत राहिलीस, "अहो, धूर वर जात नाही." आणि मी काय म्हणायचो? लाकडं ओली आणतेस. एकदा तू फुंकणी माझ्यासमोर आपटलीस. "या फुंकायला. मग बघू, लाकडं ओली की डोळे." मी हसत ओटीवर निघून गेलो. का नाही तेव्हा वर मान करून बघितलं?

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात बिड्या कोण ओढतं? धाप लागलेली असतानाही तू म्हणालीस, "आमची चूल ओढते." डॉक्टर हसले, मीही हसलो.

शांतारामला मी म्हणालो, बापाच्या वेळचा पत्रा असेल. मेलेल्या बापावर ढकललं. ह्या वयात.

आतला थर आता खांद्याएवढा आलाय. काजळीचे चिरे त्याने घेतले नाहीत, गिलाव्यातून डाग वर येतात म्हणे. नवे आणले. मधेमधे लांब चिरा आडवा घालून तो आतला थर बाहेरच्याला बांधून घेतोय. मी सारखा ओळंबा लावून बघतो. "तात्या, भिंत पडायची नाय. तुम्हीच पडाल स्टुलावरून," असं तो म्हणतो. त्याला काय ठाऊक, मी काय बघतोय ते. थर पुरा झाला, वर गिलावा बसला, की कोणी काही विचारणार नाही. शशीही नाही. तो अजून समजतो, आईची छाती मुळातच नाजूक होती.

शनिवारी तो येतोय. गिलावा तोवर थांबवलाय. तुला वचन देतो, त्याला त्या उघड्या चिऱ्यांसमोर बसवून सगळं सांगेन. पत्राही, आणि तुला खोटं हो म्हणालो तेही. मग तो माझ्याशी बोलला नाही तरी चालेल.

पण त्याआधी तुझं काहीतरी कळू दे. स्वप्नात ये, हवं तर शिव्या घाल. शनिवारला चारच दिवस आहेत ग. लवकर कळव.

तुझा,
दत्ताराम