सखूचा अंगठा

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९४४. सातारा.

आज दवाखान्याच्या कमिटीने नियम बदलला आणि वर माझी पाठही थोपटली. घरी येऊन न जेवताच ही वही उघडली.

गेल्या आठवड्यात उंब्रजची सखू बाळंतपणात अडली होती. पोट फाडायचं तर संमतीच्या कागदावर नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा अंगठा हवा, हा नियम. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडे. सासऱ्याला आणायला बैलगाडी गेली. तेवढ्यात सखूनेच शाईत अंगठा बुडवून पुढे केला. "बाई, माझाच घ्या की. प्वाट माझंच हाय न्हवं?" डॉक्टर म्हणाले, चालत नाही. म्हातारा पोचला तेव्हा सखू गेली होती, पोटातलं मूलही.

म्हणून आज मी, साधी नर्स, कमिटीपुढे उभी राहिले. म्हटलं, बाईचा स्वतःचा अंगठा घ्या. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. आणि ठरलं काय? यापुढे गावच्या पाटलाचाही अंगठा चालेल! मी पुन्हा का नाही बोलले? भ्याले, दुसरं काही नाही.

माझं अक्षर चांगलं, म्हणून नवा नियम मलाच लिहायला लावला. लिहिला मी.

सखूला शेवटची आंघोळ मीच घातली होती. अंगठ्याची शाई निघाली नव्हती.