हर्षदच्या सलूनमध्ये बीपीचा बदला

१ फेब्रुवारी, रविवार
सोसायटीच्या हेल्थ कॅम्पमध्ये दिशाने माझ्या दंडाला पट्टा बांधला, त्या क्षणी सगळं बदललं. बीपी एकशे साठ. तिने हात धरल्यावर होणारच ना! तर ती शेजारी बसलेल्या डॉक्टर मिहिरला म्हणाली, वय बघ आणि बीपी बघ याचं. दोघं हसली. बुधवारी त्यांचा साखरपुडा. मिहिर, तुझा दवाखाना बंद पाडला नाही तर नाव बदलेन.

४ फेब्रुवारी
साखरपुड्यावर बहिष्कार. तसं बोलावलंही नव्हतं. दिवसभर मोबाइलवर रिसर्च. कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून येत नाही वाटलं होय? अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये हाय बीपी जास्त. दवाखान्यांत पूर्वीपासून वाईट वागणूक, म्हणून डॉक्टरांवर भरवसा कमी. मग तिथल्या संशोधकांनी त्यांच्या सलूनमध्येच बीपी मोजलं, सलूनवाल्याचा शब्द लोकांनी मानला, बीपी उतरलं! म्हणजे डॉक्टर गेला उडत. (तिथे फार्मासिस्ट बसून गोळ्या द्यायचा म्हणे. किरकोळ भाग.)

७ फेब्रुवारी
चारकोपला दोस्त हर्षदच्या सलूनमध्ये बीपीचं मशीन बसवलं. पहिले पेशंट आमचे बाबा. एकशे नव्वद. बाबा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. म्हणतात, गोळी एकदा लागली काय मरेपर्यंत सुटाची नाय. शांत बसा म्हणून ओरडलो. पुन्हा मोजलं. वाढलं. मशीन चायना.

१० फेब्रुवारी
संकल्प: ओरडणं बंद. एका गिऱ्हाइकाने मिहिरचं कौतुक केलं. संकल्प उद्यापासून.
बाबांचं मीठ बंद केलं. त्यांच्या ताटातलं सुकट मीच खाल्लं. टाकायचं कसं?

१३ फेब्रुवारी
बाबांना चक्कर आली. हर्षदने परस्पर मिहिरला बोलावलं. गद्दार! म्हणतो, नुसते आकडे मोजून काय करतोस, काकांना काही झालं म्हणजे? मिहिर आता दर रविवारी सलूनमध्ये बसणार. बसू दे. माझ्याच जाळ्यात येतोय.

१५ फेब्रुवारी, रविवार
मुद्दाम दाढीला बसलो. मिहिरकडे पाठ. पण आरशात तोच. त्याने लिहून दिलेली गोळी बाबा घेईनात. हर्षद म्हणाला, धोंडूकाका, माझ्या शब्दावर घ्या. घेतली! वर म्हणाले, इतकी वर्सां ह्येच्या वस्तऱ्याखाली गळो दिलंय, मगे गोळयेक कित्याक भियाचा? मी पोटचा पोरगा, घसा फोडून थकलो.
दिशा पेढे घेऊन आली. म्हणाली, सलूनमध्ये बीपी, मिहिरची आयडिया काय झकास ना! ताडकन उठलो, ओरडून सांगितलं, आयडिया माझी. हर्षद म्हणाला, बस रे, अर्धी राहिलीय. दिशा पट्टा घेऊन पुढे आली. म्हणाली, दादा, तुझंपण बघू या.
दादा.
एका गालाला फेस, गळ्यात हर्षदचा कपडा, तसाच बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.