उसवलेले बाळ

मी, श्रावण महादेव बारापात्रे, वय बाहत्तर, पूर्वीचा धंदा हातमागावर लुगडी विणणे, माग बंद पडल्यावर कापडाच्या दुकानात नोकरी, राहणार महाल, नागपूर, आज दिनांक २२ डिसेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही, औषधाची गुंगीही नाही. फक्त हात माझे राहिलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी कंपवात सुरू झाला. म्हणून मी सांगतो आणि शेजारचे प्रेमानंद गजभिये लिहितात. ते शाळेत कारकून होते. माझे शब्द गाळू नयेत आणि गोडही करू नयेत, असे मी त्यांना बजावले आहे.

घाई एवढ्यासाठी की धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले, पुढच्या डिसेंबरात माझ्या बोटांत सुई राहणार नाही. सहीचेही तेच. आत्ताच ती दर वेळी वेगळी उमटते.

माझी पत्नी भागीरथा मार्च २०२२ मध्ये वारली. मला दोन अपत्ये. मुलगा अभिजीत, तो माझ्याजवळ राहतो. थोरली मुलगी प्रणाली, तिने २००७ साली रविंद्र थोरात यांच्याशी लग्न केले. ते ख्रिस्ती आहेत. त्यांची मुलगी नूपुर. तिघेही जरीपटक्यात राहतात. महालातून जरीपटका ऑटोने अर्धा तास. त्या अर्ध्या तासाला मी सतरा वर्षे लावली.

कलम १. घर माझ्या कमाईचे आहे, वडिलोपार्जित नाही. पुढच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर अभिजीतला. मागची खोली, जिथे माझा माग होता, ती प्रणालीला. अभिजीतला हे पटलेले नाही. तो म्हणाला, "बाबा, ताई येणार आहे काय इथं राहाले? काहून उगाच खोली अडकवून ठेवता?" मी म्हणालो, "नाही येणार. तिचं कुलूप राहू दे." तो चिडून बाहेर गेला आणि परत येताना माझी गोळी घेऊन आला. पोरगा वाईट नाही. त्याने माझ्या पाठीमागे हक्कसोडीचा कागद घेऊन बहिणीच्या दारात जाऊ नये, एवढे मी येथे लिहून मागतो.

कलम २. बँकेत जे आहे ते आधी माझ्या दवाखान्याला लागेल. उरले तर दोघांना निम्मे निम्मे. उरले नाही तर भांडायलाही काही उरणार नाही.

कलम ३. माग १९९८ साली मोडला. त्याचा धोटा, म्हणजे आडवे सूत इकडून तिकडे नेणारे लाकूड, तेवढा माझ्याकडे आहे. तो अभिजीतने ठेवावा. विकायला जाऊ नये, कोणी घेत नाही, मी विचारून पाहिले आहे.

कलम ४. माझे एक चुलतभाऊ आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना ते कळेल. प्रणालीच्या लग्नाच्या वेळी चार माणसांत बसून ते मला म्हणाले, "पोरगी मेली समज, श्रावण." मी तसेच समजलो. पुढे त्यांच्या नातवाने स्वतःच्या मर्जीने लग्न केले तेव्हा त्यांनी हॉल घेऊन जेवण दिले आणि मलाही बोलावले. मी जेवून आलो, याची मला आजही शरम वाटते. त्यांनी माझ्या मयतीला यावे. मात्र तेथे भाषण करू नये.

कलम ५. हे कलम मोठे आहे. वकिलांनी वगळा म्हटले होते.

भागीरथा क्रोशाचे काम सुंदर करी. दिवाळी आटोपली की ती लोकर काढून बसायची. शेजारच्या पोरांसाठी खेळणी करते, असे मला सांगायची. मला ते खरे वाटे, कारण मी कधी नीट पाहिलेच नाही. खरे असे होते की प्रेमानंद यांच्या पत्नी दीक्षाबाई, भागीरथाची मैत्रीण, दर नाताळाच्या आधी एक पिशवी घेऊन जरीपटक्याला जात. भागीरथा प्रणालीच्या घरच्या गव्हाणीसाठी, म्हणजे नाताळात मांडतात त्या येशूजन्माच्या देखाव्यासाठी, दर वर्षी एक मूर्ती विणत होती. एका वर्षी मरिया, एका वर्षी योसेफ, मग गाढव, मग मेंढपाळ, दोन मेंढ्या. येशूबाळ तिने शेवटी ठेवले होते. मला एकदा सांगितले, तेही फार नंतर, "बाळाले हात बसला पायजे म्हणून आधी बाकीच्यायवर शिकली."

ते बाळ २०१८ च्या डिसेंबरात माझ्या हाती लागले. तांदळाच्या डब्यामागे, फडक्यात गुंडाळलेले. वीतभर लांब, गव्हाळ रंगाचे, मिटलेले डोळे दोन टाक्यांचे. मी विचारले, हे कोणाचे? ती खोटे बोलली नाही. म्हणाली, "नूपुरच्या गव्हाणीचं आहे. ठेवा ते खाली."

मी विणकर माणूस. कोणता धागा ओढला की सगळे सुटते, हे मला सांगावे लागत नाही. मी खुर्चीवर बसलो आणि तिच्यासमोर ते बाळ उसवले. आधी डोके, मग पोट, मग पाय. आतला कापूस जमिनीवर पडला. दहा मिनिटे लागली असतील. त्या दहा मिनिटांत मी कितीदाही थांबू शकलो असतो. मी उठल्यावर तिने लोकर गोळा केली, तिचा गुंडा केला आणि पोळ्या करायला गेली.

त्यानंतर तिने पुन्हा मेंढ्या केल्या. बाळ केले नाही.

२०२२ साली तिची किडनी गेली. धंतोलीच्या दवाखान्यात ती अकरा दिवस होती. नवव्या दिवशी मी तिला विचारले, काय पाहिजे तुले? मला वाटले ती संत्र्याचा रस म्हणेल. ती म्हणाली, "बाळ पायजे. तुम्ही उसवलं, तुम्हीच विणा." मी म्हणालो, "मले क्रोशा येत नाही वं." तर म्हणाली, "दीक्षाले येते."

प्रणालीला बोलाव, असे ती म्हणाली नाही. तिला माझा स्वभाव माहीत होता. ती गेली तेव्हा अभिजीतने विचारले, "ताईले कळवू का?" मी नाही म्हणालो. हा दोष अभिजीतचा नाही, माझा आहे, हे सर्वांनी वाचावे. तिसऱ्या दिवशी प्रणालीचा फोन आला. तिला बाहेरून कळले होते. ती एवढेच बोलली, "बाबा, मले तिचे पाय तरी पाहू द्याचे होते." त्यानंतर तिने फोन केला नाही.

कलम ६. मी एकोणसत्तराव्या वर्षी दीक्षाबाईंकडे क्रोशा शिकायला बसलो. मागावर मी अर्ध्या इंचात चाळीस धागे बसवलेला माणूस, पण साखळीचे दहा टाके सारखे यायला मला महिना लागला. गल्लीतले लोक ओट्यावरून पाहत. अभिजीत म्हणायचा, "बाबा, लोक हसून राहिले." बाळाला हात घालायची हिंमत नव्हती, म्हणून आधी ससा केला. २०२३ च्या नाताळात तो पोस्टाने पाठवला. "घेण्यास नकार" असा शिक्का घेऊन तो परत आला.

गेल्या वर्षी हत्ती केला आणि स्वतःच ऑटोने गेलो. दुपारची वेळ होती. फाटकातून एक उंच मुलगी स्कूटी बाहेर काढत होती. मी विचारले, "बेटा, लहान नूपुर घरी आहे काय?"

तिने स्कूटी तिथेच उभी केली. म्हणाली, "मीच नूपुर. तुम्ही महालवाले आजोबा ना? फोटो पाहिला आहे मी."

माझ्या पिशवीत लोकरीचा हत्ती होता. भागीरथाजवळच्या एका जुन्या फोटोमुळे माझ्या मनात ती सहा वर्षांचीच राहिली होती. ती म्हणाली, "आई नाही आहे घरी. तुम्ही बसा ना." मी आत गेलो नाही. दारातून गव्हाणी दिसत होती. भागीरथाच्या हातच्या सगळ्या मूर्ती रांगेने, मध्ये गवत, गवतात काही नाही. मी विचारले, "बाळ कुठं?"

"ते चोवीसला ठेवतात. आमच्याकडं प्लास्टिकचं आहे, बाजारातलं. आजीनं बनवलेलं हरवलं म्हणे."

प्रणालीने पोरीला हरवले असे सांगितले होते. उसवले असे सांगितले नव्हते. मी हत्ती न देता परत आलो. ऑटोवाला विचारत होता, "काकाजी, तब्येत ठीक आहे ना?"

कलम ७. या वर्षी गणपती बसले त्या दिवशी मी बाळ सुरू केले. लोकर तीच, भागीरथाने गुंडा करून ठेवलेली. तेव्हापासून सतरा वेळा ते उसवावे लागले. सुई टाक्यात शिरत नाही, शिरली तर दुसऱ्याच टाक्यातून निघते. दर वेळी धागा ओढताना मला २०१८ चा आवाज ऐकू येतो. लोकर सुटताना एक बारीक आवाज होतो, कोणी लक्ष देत नाही. दिवाळीनंतर मी डावे मनगट हलू नये म्हणून दुपट्ट्याने खुर्चीच्या हाताला बांधू लागलो. दीक्षाबाई म्हणाल्या, "काकाजी, आणा इकडं. मी एका बसल्यात करून देतो. कोणाले कळणार आहे?" मी त्यांच्यावर ओरडलो. त्या दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी घेऊन आल्या. त्यांची मी येथे माफी मागतो. भागीरथाच्या सर्व सुया, लोकर व पत्र्याची पेटी दीक्षाबाईंना द्यावी. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून त्यांची सही घेतलेली नाही.

आजमितीला डोके, धड, दोन्ही पाय व उजवा हात झाला आहे. डावा राहिला आहे. चोवीस तारखेला दोन दिवस आहेत. सकाळी गोळी घेतल्यावर तासभर हात जरा ऐकतो, तेवढाच माझा वेळ. कधी कधी वाटते की सुई खिडकीतून फेकून द्यावी आणि पडून राहावे. काल तसा पडलो होतो. अभिजीत आला, त्याने माझे मनगट खुर्चीला बांधले आणि गाठ सैल आहे का ते पाहिले.

परवा शनिवारी मी प्रणालीला फोन केला. नंबर अभिजीतने लावून दिला. तिने उचलला.

"मी बोलून राहिलो."

"बोला."

"बाळ होत आलं. एक हात राहिला."

"कोणतं बाळ?"

"गव्हाणीतलं. तुह्या आईचं."

ती म्हणाली, "आईनं मले सगळं सांगितलं होतं, बाबा. तुम्ही धागा ओढून राहिले होते अन् तिच्या तोंडाकडं पाहून राहिले होते."

मी हो म्हणालो.

"नूपुरले मी नाही सांगितलं."

"मले माहीत आहे."

"मी कामावर आहे आता," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाठवू नका, असे ती म्हणाली नाही. दोन दिवस मी तेवढ्यावर काढले आहेत.

कलम ८. बाळ पूर्ण झाले तर ते नूपुरचे. अपुरे राहिले आणि मी गेलो तर जसे असेल तसे तिला द्यावे. सुई काढू नये, कोणी हात लावून पुरे करू नये. त्यासोबत हे कलम व कलम ५ नूपुरला वाचायला द्यावे. ते हरवले नव्हते. हे तिला माझ्याकडून कळले पाहिजे, तिच्या आईला सांगावे लागू नये.

कलम ९. माझा प्राण गेल्यावर पहिला फोन प्रणालीला. ती "येत नाही" म्हणाली तर मला उचलावे. ती काहीच बोलली नाही तर दिवस मावळेपर्यंत थांबावे. कोणी घाई केली, विशेषतः कलम ४ मधील गृहस्थांनी, तर अभिजीतने दारात उभे राहावे.

येथवर प्रेमानंद यांनी मला दोनदा वाचून दाखवले. सगळे मी म्हटले तसेच आहे. खालची सही वाकडी असली तरी माझी आहे. जोडीला डाव्या हाताचा अंगठा दिला आहे.

सही व अंगठा: श्रावण महादेव बारापात्रे

आमच्या समक्ष त्यांनी सही केली. ते पूर्ण शुद्धीत होते. आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार:
१. प्रेमानंद गजभिये, महाल, नागपूर
२. डॉ. चिन्मयी ठोसर, धंतोली, नागपूर

नागपूर, दि. २२ डिसेंबर २०२५

जोडपत्र, दि. २४ डिसेंबर, संध्याकाळ. याला कायद्याने काही अर्थ नाही असे प्रेमानंद सांगतात. तरी लिहायला लावले आहे.

डावा हात आज सकाळी झाला. उजव्यापेक्षा दोन फेऱ्यांनी आखूड आहे. चारच्या सुमारास अभिजीतने मला गाडीवर जरीपटक्याला नेले. तो फाटकाबाहेर थांबला. नूपुरने दार उघडले. मी फडके सोडले आणि बसायच्या आधीच, उभ्याउभ्या, तिला सांगितले की हे हरवले नव्हते, मी उसवले होते, तुझ्या आजीच्या समोर. ती बाळाकडे पाहत होती. म्हणाली, "काहून?" मी बाळ तिच्या हातात दिले. ती आत गेली. तिने बाळ गव्हाणीत ठेवले की नाही, मी पाहिले नाही. तिकडे मान वळवायचे धैर्य झाले नाही.

प्रणाली स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन आली. केस पिकले आहेत तिचे. मी ग्लास हातात घेतला, तर पाणी सदऱ्यावर सांडू लागले. तिने माझ्या हातावरून ग्लास धरला आणि मी पूर्ण पाणी पिईपर्यंत धरून ठेवला.

श्रावण महादेव बारापात्रे
(अंगठा)