एकाच नावाची जागा

प्रिय लोइझे,

पोचले. विमानात झोप नाही, कारण शेजारच्या बाईने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अख्खा अटलांटिक पार केला. तू असतास तर तिला तुझा खांदा मिळाला असता आणि मला खिडकी. सकाळी ल्युब्लियाना शहरावर आपलं ऑक्टोबरचं धुकं होतं, पुलाच्या पलीकडचं काही दिसेना. ते बघून मला टॅक्सीतच रडू आलं. ड्रायव्हर बिचारा घाबरला. म्हणाला, "बाई, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही हो, मीच आलेय."

फोन करता आला असता, ठाऊक आहे. पण फोनवर तू हवा कशी आहे ते विचारतोस, मी सांगते, आणि तू फोन मार्कच्या हातात देतोस. आपल्या पोराला तरी किती वेळा हवा सांगायची? राहायचं की परत यायचं हे इथे आल्यावर ठरवीन असं म्हणून मी क्लीव्हलँडहून निघाले. ते हवेच्या गप्पांत मावणारं नाही. म्हणून दारिंकाच्या स्वयंपाकघरात बसून पहिल्याच दिवशी लिहायला घेतलंय.

आता हस. दारिंकाने दार उघडलं, मिठ्या झाल्या, दोघी बहिणींचं रडून झालं, आणि मी बुटांसकट तरातरा आत गेले, थेट गालिच्यावर. तिचा नवरा स्टाने सोफ्यावरूनच तिला म्हणाला, "बघ गं, अमेरिका आली, आणि बूट बाहेर काढायचे विसरली." आई असती तर तिने मला झाडूने दारापर्यंत परत नेलं असतं. मग दारिंकाने कपाटातून सपाता काढून दिल्या. पाहुण्यांच्या, राखाडी, कुणाच्याही पायात होतील अशा. घरातल्यांच्या दाराशी आपापल्या जागी होत्या. तिकडे आपल्या घरात हा नियम मीच चालवला होता, आठवतं? मार्कचे मित्र हसायचे म्हणून तो कधी सुटला ते मलाही कळलं नाही. सपाता घालून मी म्हटलं, छान ऊबदार आहेत. मनातून वाईट वाटलं रे.

जेवायला गोमांसाचं सूप, शेवया घातलेलं, आणि परतलेले बटाटे. सूप अगदी आईच्या हातचं. मला उकडायला लागलं म्हणून मी खिडकी उघडली, तर दारिंकाने उठून लावली, म्हणे वाऱ्याच्या झोताने मान धरेल. तिकडे तू उघडतोस आणि मी मान धरेल म्हणून लावते. इथे मी तुझ्यासारखी वागायला लागले की काय कोण जाणे. आणि ऐक, हाडातला मगज मी नेहमीसारखा ताटाच्या कडेला काढून ठेवला, तुझ्यासाठी. स्टाने म्हणाला, "टाकतेस की काय? पाप लागेल." आणि त्याने तो माझ्या ताटातून उचलून ब्रेडला लावून खाऊन टाकला. मला त्याचा इतका राग आला की उरलेले बटाटे मी तसेच ताटात सोडले. त्याला काय कळणार बिचाऱ्याला.

दुपारी धुकं उठलं तेव्हा आम्ही दोघी बसने आई-बाबांच्या थडग्यावर गेलो. दारिंकाने पानं वेचली, मी मेणबत्ती लावली. दगड तिने नुकताच घासून घेतलाय. आईच्या नावाखाली एका नावापुरती जागा कोरी आहे. तिच्यावर बोट ठेवून दारिंका म्हणाली, "ही तुझी. मी स्टानेबरोबर त्याच्या गावाला जाणार, माझं तिकडे ठरलंय. इथे तू ये आईजवळ. आणि तोवर आईची खोली तुझीच आहे, भिंतींना द्यायला रंगसुद्धा आणून ठेवलाय." मी विचारलं, "एकच नाव बसतं का गं?" ती म्हणाली, "लोइझे आता तिकडचाच झाला ना." तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तू मला न विचारता क्लीव्हलँडच्या दफनभूमीत दोघांची जागा घेऊन आलास, म्हणून मी तुझ्याशी किती भांडले. घरी तावातावाने म्हणाले होते की मला त्या तळ्याकाठच्या वाऱ्यात पुरू नकोस. आज बहिणीने मायेने जागा दिली, तर माझ्या तोंडून धड आभारही निघाले नाहीत.

ती उत्तराची वाट बघतेय. मी म्हटलं, लोइझेचं पत्र येईपर्यंत थांब. खरं सांगते, मला इथे राहावंसं वाटतं. आज बसमधल्या म्हाताऱ्या माझ्याशी माझ्या भाषेत भांडल्या, याचंसुद्धा सुख झालं. आणि तुझ्याशिवाय आजचं पहिलं जेवणही गोड लागलं नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून माझ्याने ठरत नाही. विमानतळावर तू माझी बॅग खाली ठेवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "करमलं तर राहा, मी काही अडवणार नाही." तुला वाटलं असेल, आपण मोठं मन दाखवलं. मी तेव्हापासून तेच एक वाक्य घेऊन फिरतेय. लोइझे, मला अडव. आयुष्यभर समजूतदार राहिलास, आता एकदा हट्ट कर. परत ये म्हण, नाहीतर मी येतो म्हण, काय ते तू म्हण. पुन्हा जर "तुझं तू ठरव" असं लिहिलंस, तर मी इथेच राहीन, आणि मला तसं राहायचं नाहीये.

तुझीच, भांडखोर
नेव्हेंका